आधी पाय, मग मुख : चिनी दरबारातल्या सोनेरी बुद्धमूर्ती कशा पाहायच्या

पंढरपूरला दोन रांगा लागतात. मुखदर्शनाची भराभर सरकते, पदस्पर्शाची तासन्‌तास हलत नाही. चिनी सम्राटांच्या दरबारात घडलेल्या सोनेरी बुद्धमूर्तीसमोर कधी उभं राहायची वेळ आली, तर माझं सांगणं एवढंच, की दुसऱ्या रांगेत उभे राहा. आधी बैठक आणि तळ, मग पाठ, मग मुलामा, मग हात. मुख अगदी शेवटी.

याला कारण आहे. या मूर्तींचे चेहरे इतके गोड असतात की पाहणारा तिथेच विरघळतो आणि पुढचं काही त्याला दिसेनासं होतं. नकली मूर्ती करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो सगळी मेहनत चेहऱ्यावर ओततो आणि मागच्या पाकळ्या, पाठीवरचे दागिने, तळाचा पत्रा इथे हात आखडता घेतो. माझा एक मित्र या फरकामुळे चांगल्या मोठ्या रकमेला बुडता बुडता वाचला. ते पुढे सांगतो.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. मुलीकडे लंडनला राहायला गेलात, बाहेर पाऊस म्हणून ब्रिटिश म्युझियममध्ये शिरलात आणि चीनच्या दालनात एका काचेच्या पेटीपुढे पाय थबकले, अशांसाठी. किंवा आजोबांनी कलकत्त्याहून आणलेली एक ‘चायनीज मूर्ती’ घरच्या काचेच्या कपाटात आहे आणि ती नेमकी कोण, हे कुणालाच सांगता येत नाही, अशांसाठी. चिनी यायला हवं असं नाही. मलाही येत नाही.

मूर्तीपुढे जाण्याआधी : दरबार कोणता?

चीनमध्ये मुलाम्याच्या बुद्धमूर्ती फार जुन्या काळापासून घडत होत्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममधली इ.स. ३३८ ची बसलेली बुद्धमूर्ती ही, साल कोरलेल्या चिनी बुद्धमूर्तींमध्ये सर्वांत जुनी मानली जाते. पण दरबारी मूर्ती म्हटलं की जाणकारांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः नंतरचे तीन काळ येतात, आणि तिन्हींची नाळ तिबेटी बौद्ध धर्माशी जोडलेली आहे. म्हणूनच आपल्याला या मूर्ती चिनी असूनही ओळखीच्या वाटतात. वज्र, पद्म, कलश, मुद्रा हे सगळं इथूनच, बिहार-बंगालच्या पाल काळातल्या विहारांमधून नेपाळ-तिबेटमार्गे तिकडे गेलेलं आहे.

पहिला काळ कुबलाई खानाचा, म्हणजे युआन घराण्याचा. १२६० साली तिबेटमध्ये एक सोन्याचा स्तूप उभारायला नेपाळहून ऐंशी कारागीर गेले. त्यांचा म्होरक्या होता अरनिको, मिसरूडही धड न फुटलेला पोरगा. तिथून तो कुबलाईच्या दरबारात पोचला. वैद्यकीच्या शिक्षणासाठी बनवलेला, सुया टोचायच्या जागा दाखवणारा धातूचा एक पुतळा नादुरुस्त होऊन पडला होता आणि दरबारातल्या कुणाला तो जमत नव्हता. अरनिकोनं तो नीट करून दिला आणि त्याचं नशीब उघडलं. बीजिंगमधला १२७९ चा पांढरा स्तूप त्याचाच, आजही उभा आहे. नेपाळी हाताचं वळण चिनी दरबारात रुजवलं ते यानं.

दुसरा काळ मिंग घराण्याचा. सम्राट योंगले (कारकीर्द १४०३ ते १४२४) आणि त्याचा नातू श्वानदे (१४२६ ते १४३५). बाजार, संग्रहालयं आणि नकला करणारे, तिघांचाही जीव या दोन नावांत अडकलेला असतो. योंगलेच्या बोलावण्यावरून १४०७ साली पाचवे कर्मापा, म्हणजे तिबेटी बौद्धांच्या कर्मा काग्यू पंथाचे प्रमुख, तिबेटहून नानजिंगला आले. योंगलेनं दिवंगत आईवडिलांसाठी त्यांच्याकडून विधी करवून घेतले, मोठी पदवी दिली. पुढं साक्य आणि गेलुग पंथांचेही मोठे लामा येऊन गेले. या भेटींमध्ये, आणि भेटींनंतर तिबेटच्या विहारांकडे, सम्राटाकडून मूर्ती जात राहिल्या. श्रद्धा किती आणि राजकारण किती, हा वाद अभ्यासकांना घालू द्या. आपल्यापुरती कामाची गोष्ट ही, की या मूर्ती चीनमध्ये घडल्या पण तिबेटी डोळ्यांसाठी घडल्या. हे लक्षात ठेवा, मूर्तीवर कोरलेल्या लेखाच्या बाबतीत लगेच उपयोगी पडेल.

तिसरा काळ छिंग घराण्याचा, त्यातही कांगशी आणि त्याचा नातू छ्येनलोंग (१७३६ ते १७९५). कांगशीनं १६८६ मध्ये आपल्या आजीसाठी करवून घेतलेली चतुर्भुज अवलोकितेश्वराची मूर्ती बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे आणि तिच्यावर मांचू, मंगोल, चिनी, तिबेटी अशा चार भाषांत लेख आहे. छ्येनलोंगच्या काळात मात्र मूर्ती घडवणं हे दरबारी कारखान्याचं खातंच झालं. सम्राटाचे तिबेटी बौद्ध गुरू रोल्पाय दोर्जे यांच्या देखरेखीखाली कोणती देवता कशी असावी हे ठरत होतं. १७४२ मध्ये मूर्तींच्या मापांचा ग्रंथ तिबेटीतून चिनीत उतरवला गेला. अंगुळं मोजून मूर्ती घडवायची ही आपल्याकडची शिल्पशास्त्राची रीत तिकडे पाठ्यपुस्तक होऊन बसली. त्यामुळे छ्येनलोंगकालीन मूर्ती निर्दोष असतात, आणि खरं सांगायचं तर कधीकधी त्याच कारणानं जरा निर्जीव. हे माझं मत. तुमचं वेगळं होऊ शकतं.

पहिली पायरी : तळ

संग्रहालयात मूर्ती उलटी करता येत नाही, पण हल्ली बरीच संग्रहालयं आपल्या संकेतस्थळावर तळाचा फोटो देतात. तो आधी शोधा.

या मूर्ती आतून पोकळ असतात. प्रतिष्ठापनेच्या वेळी पोकळीत मंत्रांच्या गुंडाळ्या, धान्य, सुगंधी लाकडाचे तुकडे, क्वचित अवशेष भरतात आणि तळाला तांब्याचा पत्रा बसवून ती बंद करतात. पत्र्यावर मधोमध विश्ववज्र कोरलेलं असतं, म्हणजे एकमेकांवर आडवी ठेवलेली दोन वज्रं. योंगलेच्या मूर्तींत हा पत्रा धरून ठेवायला बैठकीच्या आतल्या कडेचा धातूच छिन्नीनं उचलून बारीक टोकं काढलेली असतात आणि ती पत्र्यावर दाबलेली असतात. डाग दिलेला नाही, स्क्रू तर नाहीच. जुना पत्रा काळसर, कडांना मळ धरलेला, जागोजाग चेपलेला दिसतो.

पत्रा नसेल तर मूर्ती नकली असं लगेच ठरवू नका. तिबेटातून बाहेर पडताना आत काही मौल्यवान असेल या आशेनं कितीतरी मूर्ती फोडल्या गेल्या. पत्रा नसल्याचा एक फायदाही आहे. आत डोकावून ओतकाम दिसतं. मातीच्या गाभ्याचे जळके अवशेष, खडबडीत भिंती, गाभा जागेवर धरणाऱ्या खिळ्यांच्या खुणा हे सगळं मेणाच्या पद्धतीनं ओतल्याचं लक्षण (ती पद्धत चौथ्या पायरीत येईल). आतून स्वच्छ, एकसारखी गुळगुळीत आणि नव्या पितळेसारखी पिवळी दिसली तर कान टवकारा.

आणि घरातल्या मूर्तीचा पत्रा शाबूत असेल तर कृपा करून तो उघडू नका. आत काय आहे ही उत्सुकता मी समजू शकतो. पण एकदा उघडला की प्रतिष्ठापनाही गेली आणि पुरावाही.

दुसरी पायरी : लेख

इथे थोडं रेंगाळू या, कारण निम्म्या नकला इथेच पकडल्या जातात.

योंगलेच्या मूर्तीवर, मांडी घातलेल्या पायांच्या पुढे, बैठकीच्या वरच्या सपाट भागावर सहा चिनी अक्षरं एका आडव्या ओळीत कोरलेली असतात. उच्चार साधारण असा : दा मिंग योंगले न्येन शी. अर्थ, ‘थोर मिंग घराण्याच्या योंगले काळात दिलेलं दान’. श्वानदेच्या मूर्तीवर योंगलेच्या जागी श्वानदे, बाकी तेच.

चिनी न येणाऱ्यानं ही ओळ कशी तपासायची? पहिलं अक्षर सगळ्यात सोपं. दोन्ही हात पसरून, पाय फाकवून उभा असलेला माणूस, हेच ‘दा’, म्हणजे मोठं. दुसऱ्यात सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी बसलेले. सूर्य म्हणजे मधोमध आडवी रेघ असलेली उभट चौकट. आता माणूस कुठल्या टोकाला आहे ते बघा. योंगलेच्या मूर्तीवर तो डावीकडे असतो, म्हणजे ओळ आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे वाचायची. त्या काळी चिनी लिखाण वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे चालायचं. मग इथे उलटं का? कारण मगाशी म्हटलं ते. मूर्ती तिबेटसाठी होत्या, आणि तिबेटी लिपी आपल्या देवनागरीची लांबची बहीण, डावीकडून उजवीकडे धावणारी.

शेवटचं अक्षर दुसरी कसोटी. चिनी मातीच्या भांड्यांवर याच सम्राटांची नाममुद्रा असते, पण तिथे शेवटी ‘झी’ असतं, म्हणजे ‘बनवलं’. मूर्तीवर ‘शी’, म्हणजे ‘दान दिलं’. भांडं बनवतात, मूर्ती अर्पण करतात. छ्येनलोंगच्या मूर्तींवर हा भाव आणखी स्पष्ट होतो. तिथे शेवटी ‘जिंग झाओ’ येतं, म्हणजे ‘आदरपूर्वक घडवलं’.

आता मित्राची गोष्ट. तो एका शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात उभा होता आणि फोनवर त्याचा आवाज थरथरत होता. “अरे, मिंग आहे! सहा अक्षरंसुद्धा आहेत.” मी म्हटलं, फोटो पाठव. अक्षरं खरंच सहा होती. पण दोन उभ्या ओळींत, चौकोनी चौकटीत, बैठकीच्या मागच्या बाजूला. बशीच्या तळाला असतात तशी. कुणीतरी भांड्यावरचा शिक्का पाहून तो मूर्तीवर उतरवला होता. मी त्याला एवढंच म्हटलं, “चहा पी आणि नीघ.” दुकानदारानं चहा खरंच चांगला पाजला म्हणे.

लेख जागेवर आहे, दिशा बरोबर आहे, शब्दही बरोबर आहेत, तरी एवढ्यावर मान डोलवू नका. चांगली नक्कल करणारे हे सगळं वाचूनच बसलेले असतात. श्वानदेच्या नावाच्या तर धूपदाण्या चीनमध्ये शतकानुशतकं पाडल्या गेल्या, त्यातल्या जवळपास सगळ्या नंतरच्या. नाव कोरायला छिन्नी पुरते. शिवाय लेखच नसलेल्या दरबारी मूर्तीही आहेत.

तिसरी पायरी : कमळ आणि पाठ

योंगलेची बैठक म्हणजे दोन ओळींचं कमळ, एक ओळ वर उमललेली, एक खाली. वरच्या आणि खालच्या काठावर मोत्यांची माळ. पाकळ्या उभट, फुगीर, टोकाशी कुरळ्या. त्या टोकाची वळी बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठी करून बघा. चांगल्या कामात प्रत्येक वळी सुटी आणि धारदार असते, ओतल्यानंतर हत्यारानं साफ केलेली. साधारण कामात ती मेणातच विरघळल्यासारखी दिसते. मोत्यांचंही तसंच. एकेक दाणा गोल आहे का, की नुसत्या रेघेवर खाचा पाडल्यात?

मग पेटीला वळसा घाला. मागे जाता येत नसेल तर काचेत पडलेलं प्रतिबिंब शोधा, मी ते नेहमी करतो आणि पहारेकरी नेहमी संशयानं बघतात. योंगलेच्या चांगल्या मूर्तीत पाकळ्या मागेही संपत नाहीत, पाठीवरून उतरलेला शेला, हाराची गाठ, केसांची शेंडी, सगळं मन लावून केलेलं असतं. पूजेत ठेवल्यावर ही पाठ कुणालाही दिसणार नव्हती. छ्येनलोंग काळातल्या मोठ्या संख्येनं काढलेल्या छोट्या मूर्तींत मात्र मागची बाजू बरीचशी कोरी असते. तो दोष नव्हे. त्या जथ्यानं मांडायलाच बनवल्या होत्या.

चौथी पायरी : मुलामा

एक शब्द आधी नीट करून घेऊ. या मूर्तींना सर्रास ‘ब्राँझ’ म्हणतात, म्हणजे तांबं आणि कथील. प्रत्यक्षात मिंग आणि छिंग दरबारच्या पुष्कळ मूर्ती पितळेच्या आहेत, तांबं आणि जस्त. माहितीच्या पाटीवर ‘ब्राँझ’ लिहिलेलं असेल तर ते रूढ नाव म्हणून घ्या.

ओतकाम मेणाच्या पद्धतीचं. मातीचा गाभा, त्यावर मेण, मेणात सगळी नक्षी, वरून पुन्हा मातीचे थर. भाजलं की मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. आपल्याकडे याला मधूच्छिष्ट विधान म्हणतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त ते वर्णिलं आहे, मेण तोलून त्यावरून धातू किती लागेल हे काढायच्या हिशेबासकट. साचा फोडावाच लागत असल्यानं एका साच्यातून एकच मूर्ती. योंगलेच्या दोन मूर्ती जुळ्या वाटल्या तरी शेजारी ठेवल्यावर शेल्याची एखादी चुणी वेगळी निघते.

आता सोनं. आपण घरात ‘सोन्याचं पाणी दिलेलं’ म्हणतो ते हे नव्हे. हा पाऱ्याचा मुलामा, भट्टीचा. सोन्याचे बारीक तुकडे पाऱ्यात कालवून लोण्यासारखा मऊ, पांढुरका लगदा करतात. मूर्ती आंबट द्रावणानं घासून लख्ख करायची, लगदा ब्रशनं चोपडायचा आणि कोळशाच्या निखाऱ्यांवर फिरवत तापवायची. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, पण त्याआधीच त्याची वाफ निघू लागते. तो उडून जातो, मागे सोनं धातूला चिकटून राहतं, पण मळकट, निस्तेज. मग अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटत बसायचं. चमक घोटण्यातून येते. हे थर पुन्हा पुन्हा चढवायचे. पाऱ्याची वाफ विषारी, किती कारागिरांनी ती छातीत भरून घेतली असेल देव जाणे. नेपाळमधल्या पाटणला हे काम करणारे आजही आहेत.

शिसं जास्त असलेल्या धातूवर हा मुलामा नीट बसत नाही, डाग धरतो. म्हणून चांगल्या मुलाम्याची तयारी धातू मिसळतानाच सुरू होते.

पाहताना काय बघायचं? झीज. भट्टीचा मुलामा जाड असतो, त्याची चकाकी खोल आणि मऊ असते. तो झिजतो तो बोटं लागतात तिथे : गुडघे, नाकाचं टोक, हाताची बोटं, पाकळ्यांच्या वळ्या. तिथून खालचा तांबूस-तपकिरी धातू डोकावतो आणि सोन्याशी त्याची कड हळूहळू विरत जाते. जुन्या पितळी समईच्या दांड्याकडे बघा, जिथे चार पिढ्यांनी ती धरून उचलली तिथे कशी गुळगुळीत झालेली असते. तशीच झीज इथे शोधायची. खाचांमध्ये मात्र सोनं ताजं राहतं, त्यावर धुराचा आणि तुपाचा काळा थर.

विजेवर चढवलेला मुलामा पातळ आणि सगळीकडे एकसारखा पिवळा. हा धंदा युरोपात १८४० च्या सुमारास सुरू झाला, त्यामुळे योंगलेच्या मूर्तीवर तो दिसला तर एकतर मूर्ती नवी आहे किंवा कुणीतरी जुनीवर नवं पाणी चढवलंय. आणि नकली झीज? तीही करतात. पण सँडपेपरनं घासलेली झीज नको तिथे होते. मांडीच्या आत, काखेत. तिथे कोण हात लावणार?

खात्रीच हवी असेल तर एक्सआरएफ नावाचं हातात धरायचं यंत्र असतं. मूर्तीला ओरखडाही न काढता पृष्ठभागावर कोणकोणते धातू आहेत ते सांगतं. सोन्यासोबत पारा निघाला तर मुलामा भट्टीचा. एवढंच सिद्ध होतं हं, वय नाही. भट्टीचा मुलामा आजही देता येतो.

पाचवी पायरी : हात

आता मूर्ती कुणाची हे ठरवायचं. इथे मराठी वाचक आधीच दोन पावलं पुढे आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहिलाय, कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. चिनी दरबारातही हीच मंडळी भेटतात, फक्त कपडे बदलून.

उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीला : भूमिस्पर्श मुद्रा, शाक्यमुनी बुद्ध. अंगावर दागिने नाहीत, डावा हात मांडीत. दोन्ही हात मांडीत आणि त्यावर कलश, डोक्यावर मुकुट : अमितायुस, दीर्घायुष्य देणारा. तसेच हात पण दागिने नाहीत आणि कलशाऐवजी भिक्षापात्र : अमिताभ. वर उगारलेली तलवार आणि कमळावर पोथी : मंजुश्री. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये योंगलेच्या लेखाचा एक छोटा मंजुश्री आहे, उंची जेमतेम १९ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. एका पायानं खाली उतरायच्या बेतात बसलेली स्त्री : तारा. भरपूर हात, रेड्याचं तोंड : वज्रभैरव, यमालाही धाक घालणारा.

हातातली वस्तू वेगळी घडवून बसवलेली असते, त्यामुळे ती हरवते. मूठ आहे पण मुठीत काही नाही असं दिसलं तर मुठीतलं भोक आणि खांद्याजवळच्या कमळावर काय ठेवलंय ते बघा.

सरावाला सगळ्यात बरी मूर्ती

योंगलेची मूर्ती जगात मोजक्या ठिकाणी. हाँगकाँगच्या लिलावात २०१३ साली एक शाक्यमुनी साडेतेवीस कोटी हाँगकाँग डॉलरच्याही वर गेला, यावरून कल्पना करा. शिकायला घ्यावा तो १७७० चा अमितायुस.

त्या वर्षी छ्येनलोंग चिनी हिशेबानं साठीचा झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या आईची ऐंशी भरत होती. आयुष्य देणाऱ्या देवतेच्या मूर्ती मांडायला याहून चांगलं निमित्त कुठलं? जथ्याच्या जथ्यांनी अमितायुस घडले. चौकोनी आसन, पुढे लोंबणारं वस्त्र, मुकुट, कानांजवळ फडकणाऱ्या फिती, मांडीत कलश. बैठकीच्या पुढच्या कडेवर एका ओळीत लेख : दा छिंग छ्येनलोंग गंगयिन न्येन जिंग झाओ. ‘गंगयिन’ हे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं नाव, आपल्या शालिवाहन शकात संवत्सरांना प्रभव, विभव अशी साठ नावं असतात ना, तसं. नऊ अक्षरं मोजा. मागे आसनाला खाच किंवा भोक दिसेल, तिथे नक्षीदार प्रभावळ अडकवलेली असायची. ती बहुतेक वेळा हरवलेली असते.

आशियाई संग्रह असलेल्या संग्रहालयांत हे अमितायुस बऱ्याचदा भेटतात. एक सापडला की वरच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यावर गिरवा. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या नेपाळ-तिबेटच्या धातुमूर्ती आधी बघून घ्या. शरीराचं वळण तिथून आणि वस्त्राच्या चुण्या चीनच्या, ही मिंग मूर्तींची गंमत मग चटकन कळते.

घरात मूर्ती असेल तर

घासू नका. दिवाळीच्या आवराआवरीत पितळ म्हणून तिला चिंच, लिंबू किंवा चकचकीत करणारी पावडर लागली, की दोनअडीचशे वर्षांचं सोनं आणि त्यावरचा पुरावा एका दुपारी बेसिनमध्ये जातो. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडा, पुरे. केसांत निळा रंग उरला असेल तर ओलं फडकं लावूच नका. तो रंग बुद्धाच्या केसांना मुद्दाम दिलेला असतो, आणि तो गेला की परत येत नाही.

चहूबाजूंनी आणि तळाचे फोटो काढा, उंची मोजा, वजन करा, घरात ती कधी आणि कशी आली ते वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्या. जुनं पत्र, पावती, ती मूर्ती मागे दिसणारा लग्नातला फोटो, काहीही चालेल. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाला आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. अशा धातुमूर्तीची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भावाला ‘आठवण म्हणून’ सामानात घालून देणं तर अजिबातच नको.

आणि आता मुख

इतका वेळ थांबलात, आता वर बघा. योंगलेच्या मूर्तीचा चेहरा रुंद आणि मऊ, ओठ लहान, कोपऱ्यात जेमतेम हसू, कानाच्या पाळ्या लांब. तिबेटात राहून आलेल्या मूर्तीच्या चेहऱ्यावर कधीकधी सोन्याचा एक वेगळाच, न घोटलेला थर दिसतो. सोन्याची पूड गोंदात कालवून भक्तांनी पुन्हा पुन्हा लावलेली असते, त्यामुळे अंग चमकतं आणि तोंड मात्र पिवळ्या मातीसारखं निवांत.

डोळे अर्धे मिटलेले वाटतील. उभ्यानं पाहिलं तर ते झोपलेलेच वाटतात. पण या मूर्ती उंच वेदीवर ठेवून खाली बसलेल्या माणसानं पाहायच्या होत्या. तेव्हा पेटीपुढे खाली बसा, तुमचं कपाळ कमळाच्या पातळीला येईल इतकं. गुडघे कुरकुरत असतील तर लेकीचा हात धरा. पापण्यांखालून बुबुळं दिसू लागतात, आणि ती तुमच्याकडेच बघत असतात.